दोन वाजताचा आकडा

माझ्या संसाराला अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत या गोष्टीचं पहिलं वाक्यसुद्धा माझ्या तोंडून निघालेलं नाही – नवऱ्यापुढे नाही, मुलीपुढे नाही, देवापुढेही नाही. देवापुढे हात जोडले की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागते. आता तुमच्यापुढे मांडते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

नांदेडला राहते. नर्स आहे – नुकत्याच जन्मलेल्या, त्यातही कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांची. नोकरीची चार वर्षं उरलीत. घरात माझी एक ख्याती आहे. बाहेर पडताना गॅसची कळ मी तीनदा बघते. कुणी काही आणून दिलं तर खोकं उघडून आतल्या वस्तू मोजल्याशिवाय कागदावर सही करत नाही. तो बिचारा उन्हात उभा असतो. "हिच्या सहीला मुहूर्त काढावा लागतो," असं नवरा पाहुण्यांना सांगतो. पाहुणे हसतात, मीही हसते. स्वभाव आहे म्हणतात. पण स्वभाव म्हणजे जन्मापासूनचा असतो ना? हा तसा नाही. हा कोणत्या दिवशी लागला, त्या दिवशी किती वाजले होते, तेसुद्धा मला सांगता येईल.

शिकायला येणाऱ्या मुली मला पाठीमागे 'एक मिनिटवाल्या बाई' म्हणतात, ते मला माहीत आहे. बाळाचे श्वास मोजायचे तर पूर्ण मिनिटभर. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही – लहान जीव मध्येच श्वास धरतो, आणि दुप्पट केलं की तो धरलेला श्वास हिशेबात येतच नाही. मी घड्याळ घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहते. आणि त्यांना पहिल्या दिवशी एक वाक्य सांगते: डोळ्यांनी पाहिला नाही तो आकडा लिहायचा नाही. दरवर्षी वीस मुली धरल्या तरी पाचशेच्या वर मुलींना हे सांगून झालं. एकीनंही मला विचारलं नाही – बाई, तुम्हाला हे कुणी शिकवलं?

विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं?

लातूर जिल्हा नुकता वेगळा झाला होता तेव्हाची गोष्ट. कचेऱ्यांवर 'जिल्हा' हा शब्द ताज्या रंगात लिहिलेला होता, काही पाट्यांवर तर मागचं नाव रंगाखालून दिसायचं. मी मुखेडची. दहावीनंतर नर्सिंगला जाणारी आमच्या आळीतली पहिली मुलगी. आमच्यात मुली असल्या कामाला पाठवत नसत, पण वडिलांनी पाठवलं. ते दुकानदार. माझ्या ट्रंकेला कुलूप लावताना एवढंच म्हणाले, "काटा सरळ ठेव म्हणजे झालं."

शिकायचं ते एका रुग्णालयात होतं. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण दोष इमारतीचा नव्हता. तीन वर्षं सर्वसाधारण नर्सिंग, पुढं सहा महिने बाळंतपणाचं शिक्षण. नवजात बाळांची नर्स असं वेगळं काही असतं, हे तेव्हा आमच्यापैकी कुणी ऐकलेलंही नव्हतं. ते सगळं एका खोलीत शिकायचं. पत्र्याच्या छपराची, शहाबादी फरशीची खोली. परदेशी बनावटीची काचेची पेटी आली होती म्हणे, पण ती सामानाच्या खोलीत खोक्यातच होती. तिच्यासोबत येणारं दुसरं यंत्र यायचं होतं. तोवर सुताराकडून करून घेतलेली लाकडी पेटी वापरायची. आतून कापूस लावलेला, वर काचेची खिडकी, झाकणाला दोन दिवे. बाळ गार पडलं तर दोन्ही दिवे लावायचे. सत्त्याण्णव ते नव्व्याण्णव असलं तर एक. नव्व्याण्णवच्या वर गेलं तर दोन्ही बंद, थोरल्या सिस्टरांना बोलवायचं, आणि त्यांच्यासमोर अर्ध्या-अर्ध्या तासानं पुन्हा ताप बघायचा. मी तुम्हाला हे एवढं बारकाईनं सांगते आहे, कारण पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे.

पुस्तकात लिहिलेलं असायचं – लहान बाळाचा शत्रू म्हणजे थंडी. पुस्तक कुठल्या तरी थंड मुलुखात लिहिलेलं. आमच्याकडे पाऊस दोन वर्षं आलेला नव्हता. मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याखाली उभं राहवत नसे. कूलर होता, पण त्यात ओतायला पाणी नव्हतं. टँकर एक दिवसाआड येई आणि आम्हाला हात धुवायला माणशी एक मग ठरवून दिलेला. अशा जागी दिवा कधी लावायचा आणि कधी विझवायचा हे सांगणारी एकच गोष्ट त्या खोलीत होती – बाळांसाठीचा आखूड टोकाचा थर्मामीटर. एकच. लांबट पत्र्याच्या डबीत, ट्रेमध्ये ठेवलेला.

आणि एक वही होती, आम्हा प्रत्येकीची. प्रात्यक्षिकाची. इतकी बाळंतपणं पाहायची, इतकी स्वतः करायची, आणि शेवटी कमी वजनाच्या पाच बाळांचे पूर्ण ड्यूटीचे तक्ते. दर दोन तासांनी ताप, श्वास, दूध, रंग. एकही रकाना रिकामा चालत नसे. रिकामा दिसला की थोरल्या सिस्टर त्या तक्त्यावर तांबडी तिरपी रेघ मारत, आणि तो तक्ता मोजला जात नसे. पाच झाल्याशिवाय परीक्षा नाही.

माझे चार झाले होते. चारही न खोडता लिहिलेले. थोरल्या सिस्टर ते दुसऱ्या मुलींना दाखवत.

कुसुमचे तीन झाले होते, त्यातल्या एकावर तांबडी रेघ. कुसुम माझ्या खोलीतली. हदगावकडची, तिचे वडील तालुक्याच्या कचेरीत शिपाई. बौद्ध घरातली. आम्ही दोघी एका ताटात जेवायचो, हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं – बघा, हेही आत्ताच पहिल्यांदा लिहितेय. तिचं अक्षर वाकडं. पण बाळाच्या बाबतीत तिचा हात – काय सांगू? रडणारं पोर ती नुसतं उचलायची आणि ते गप्प व्हायचं. नळीतून थेंब थेंब दूध देताना तिच्या हातून एकदाही बाळाला ठसका लागला नाही. मला लागायचा. मी तक्ता छान लिहायचे, आणि ती बाळ छान सांभाळायची. परीक्षा तक्त्याची होती.

त्या सकाळी माझी ड्यूटी होती, दोनपर्यंत. त्यानंतर मला दोन दिवसांची रजा – थोरल्या बहिणीचा साखरपुडा. अडीचची एसटी. पेटीत भागीरथीचं बाळ होतं. अहमदपूरच्या अलीकडच्या एका खेड्यातली भागीरथी. आठवा महिना लागला तरी दुष्काळी कामावर मातीची पाटी उचलत होती, तिथंच पोटात कळ आली. मुलगी. पंधराशे साठ ग्रॅम. दोन दिवसांची. हे वजन मी कुठून बघून लिहिलेलं नाही.

आठ वाजता मी ताप बघायला थर्मामीटर काढला. पारा झटकायला हात झाडला – हाताला घाम होता – आणि टोक पेटीच्या लोखंडी कडीला लागलं.

आवाज फारसा झाला नाही. पाऱ्याचे थेंब फरशीवर पळाले आणि शहाबादीच्या फटीत गेले. मी गुडघ्यावर बसून ते कागदानं गोळा करायला बघत होते, आणि ते हाताला लागत नव्हते.

आता मला विचारा – मग जाऊन सांगितलं का नाही? वॉर्ड समोरच होता. मधलं अंगण ओलांडायचं, चाळीस पावलं. मी ती नंतर मोजली. तिथं मोठ्या माणसांचा थर्मामीटर होता, काखेत लावला असता तरी काम भागलं असतं. थोरल्या सिस्टर ओरडल्या असत्या. फुटतुटीच्या पाटीवर माझं नाव खडूनं लिहिलं गेलं असतं, आठवडाभर राहिलं असतं. रजा गेली असती. बस्स. एवढंच होतं ते. आज तराजूत घालून बघते तर ते छटाकभरही भरत नाही. पण ज्या पाटीवर माझं नाव एकदाही आलं नव्हतं, तिच्यावर ते येणार – एकोणीस-वीस वर्षांच्या मला ते सोसेना. मी काच कापसात गुंडाळली आणि टोपलीच्या तळाशी घातली. रिकाम्या डबीला झाकण लावलं. डबी ट्रेमध्ये होती तशी ठेवली.

मग हात लावून पाहिलं. बाळ ठीक वाटलं. मी लिहिलं – ९७.६.

तो पहिला आकडा. तो लिहिताना हात कापला नाही, हेही सांगायला हवं. छान आला.

दहा वाजता पुन्हा हात लावला. एक दिवा होता तसा चालू ठेवला, अंदाजानं. लिहिलं – ९८. पण मेच्या उन्हात तापलेल्या हाताला दुसऱ्याचा ताप कळतो का? हात धुवायचं एक मग पाणी मी सकाळीच वापरून टाकलं होतं. माझा हात बाळाइतकाच गरम होता. गरम हाताला गरम अंग ठीकच वाटणार.

बाराला भागीरथीची आई दाराशी आली. आत यायला परवानगी नव्हती, पण ती उंबऱ्यात बसून राहायची. काचेतून बघत होती. म्हणाली, "सिस्टरबाई, लेकरू लालबुंद दिसून राहिलंय वो. तापलंय का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "जरा हात लावू द्या की माय. मी सात लेकरं वाढविली." मी का कोण जाणे, तिला आत घेतलं. तिनं पालथा हात बाळाच्या पोटावर ठेवला आणि चटकन मागं घेतला. "लई तापलंय, बाई. भाकर भाजंल असं अंग हाय. तो दिवा तेवढा इझवा."

दिवा विझवणं म्हणजे बोटभर बटन खाली करणं. तुम्ही विचाराल, मग? – पण दिवा विझवला तर तक्त्यात का विझवला ते लिहावं लागणार. नव्व्याण्णवच्या वर म्हणून. नव्व्याण्णवच्या वर म्हणजे थोरल्या सिस्टरांना बोलवायचं. त्या येणार, म्हणणार, लाव माझ्यासमोर. आणि डबी रिकामी. सकाळी दोन आकडे खोटे लिहिले होते; आता तिसऱ्यानं काय असायचं ते त्या दोघांनी ठरवलं होतं. मी बाराच्या रकान्यात पुन्हा ९८ लिहिलं, तक्ता उचलला आणि त्या बाईपुढे धरला. तिला अक्षरओळख नव्हती, ते मला माहीत होतं. मी बोट ठेवून म्हटलं, "हे बघा आजी. यंत्रानं बघितलंय. अठ्ठ्याण्णव. ताप नाही."

ती त्या कागदाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग म्हणाली, "आसं व्हय. मग माझाच हात खोटा आसंल." आणि पदरानं हात पुसत बाहेर जाऊन बसली.

मी आयुष्यात पुष्कळ वाईट दिवस पाहिले. कामच तसं आहे. पण तिनं पुसलेला तो हात –

साडेबाराला थोरल्या सिस्टर फेरीला आल्या. पेटीकडे त्यांनी लांबूनच बघितलं, तक्ता मात्र हातात घेतला. "अस्सा हवा तक्ता," म्हणाल्या आणि गेल्या. पाऊण वाजता बाळानं दूध ओढलं नाही. मी ते नळीनं दिलं आणि 'घेतलं' असं लिहिलं. पावणेदोन वाजता – लक्षात घ्या, दोनला नव्हे – मी दोनचा रकाना भरला. ९८.४. पाचवा तक्ता पूर्ण झाला.

दोनला पाच कमी असताना कुसुम आली. ड्यूटी बदलताना आमच्याकडे एक रीत होती: येणारीनं ट्रेमधली एकेक वस्तू उघडून मोजायची आणि मगच वहीत सही करायची. सही झाली की वस्तू तिच्या. मी पिशवी खांद्याला लावून उभी होते. कुसुमनं माझ्याकडे बघितलं आणि हसली. "नवरीची करवली निघाली का? जा, जा. गाडी चुकल तुझी." मी म्हटलं, मोजून घे. – हो, म्हटलं मी तसं. ते वाक्य मी इतकी वर्षं जपून ठेवलं आहे, जणू त्याला काही किंमत आहे. कुसुम म्हणाली, "तुझ्या हातचं काय मोजायचं?" आणि उभ्याउभ्याच सही केली.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं? मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. ज्याच्या सहीनंतर डबी उघडेल, त्याच्या नावावर ती जाणार, हे मला माहीत होतं. ती सही कुणाची, तेही माझ्या डोळ्यांसमोर वाळत होतं. मी म्हटलं, येते. आणि गेले. गाडी मिळाली. खिडकीची जागा मिळाली.

पुढचं मला परत आल्यावर कळलं. कुसुमनं आल्या आल्या, रकान्याची वाट न बघता, बाळाला हात लावला. दिवा बंद केला. डबी उघडली. मग ती चाळीस पावलं धावत गेली आणि मोठ्यांचा थर्मामीटर घेऊन आली. एकशे तीन पॉइंट सहा. तिनं तो आकडा होता तसा लिहिला – माझ्या ९८.४ च्या खालच्या ओळीत, वेळ दोन वाजून दहा मिनिटं. स्वतःच्या वाट्याचं मगभर पाणी तिनं हात न धुता बाळाचं अंग पुसायला वापरलं. डॉक्टर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ गेलं. त्या वेळी मी मुखेडला पाहुण्यांच्या पंगतीत बुंदी वाढत होते.

डॉक्टरांनी कारण लिहिलं – अपुरे दिवस, कमी वजन. तेव्हा एवढ्या वजनाची बाळं आमच्याकडे फार वाचत नसत, हे खरं आहे. मी तो विचार पुष्कळ वेळा करून बघितला. दर वेळी त्याच्या शेवटी मला भागीरथीची आई पालथा हात मागं घेताना दिसते. त्यामुळे तो विचार मी सोडून दिला.

चौकशी झाली ती बाळाची कमी आणि तक्त्याची जास्त. दहा मिनिटांत अठ्ठ्याण्णववरून एकशे तीन कसं होईल? तर कुसुमनं येताच दोन्ही दिवे लावले असणार. थर्मामीटर फोडला असणार आणि घाबरून काहीतरी आकडा लिहिला असणार. थोरल्या सिस्टर म्हणाल्या, "हिच्या हाताला वळणच नाही." हाताला म्हणजे अक्षराला की आणखी कशाला, ते मला तेव्हाही कळलं होतं. आम्हा दोघींमध्ये कुणाचा शब्द खरा धरला जाईल हे कुणी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजच नव्हती. आणि मी त्या न बोललेल्या गोष्टीवर पाय रोवून उभी राहिले. हे मी थर्मामीटरपेक्षा वाईट केलं.

मला बोलावलं. कुसुम शेजारी उभी होती. टेबलावर तक्ता. त्यांनी एकच विचारलं, "दोनचा ताप तू स्वतः पाहिलास?"

मी म्हटलं, "हो, सिस्टर."

झालं. तोच माझा गुन्हा. एवढाच आहे तो, दोन शब्दांचा. त्याच्या आधीचं सगळं भीतीनं झालं म्हणता येईल. हे मी विचार करून म्हटलं.

कुसुम फक्त एवढंच बोलली, "मी हात लावला तवाच लेकरू तापलेलं व्हतं." मग डबीचं विचारलं तेव्हा म्हणाली, "सही माझी हाय." तिचे बाळंतपणाचे सहा महिने रद्द झाले. पुन्हा पहिल्यापासून करायचे. खोलीवर आल्यावर तिनं मला विचारलं, आवाज न चढवता. "तुला एकच इचारते. दोनला तू बघितलं व्हतं का?" खोलीत कुणी नव्हतं. दार लावलेलं होतं. मी म्हटलं, "बघितलं होतं." ती म्हणाली, "बरं." आणि इस्त्रीचे दोन गणवेश घडी घालायला लागली.

तिचे वडील तिला न्यायला आले. दुष्काळात घरी पाच तोंडं; पुन्हा सहा महिने ठेवणं त्यांना झेपणारं नव्हतं. ट्रंकेची एक कडी त्यांनी धरली, एक मी. स्टँडपर्यंत. म्हाताऱ्यानं गाडीत चढताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू हिची मैतरीण. हिचं ऱ्हायलं तर ऱ्हायलं. तू तरी पुरं कर, लेकी." कुसुम खिडकीतून दुसरीकडे बघत होती.

मी पुरं केलं. वर्गात पहिली आले. पाचही तक्ते मोजले गेले. तो पाचवा सगळ्यांत नीटनेटका. पुढं महिनाभराचं नवजात बाळांचं प्रशिक्षण निघालं, त्याला मला पाठवलं. मग दुसरं. मग शिकवायला लावलं. भिंतीवर प्रमाणपत्रं आहेत. त्यांच्या खाली कुणाची सही आहे ते मला बाहेरून वाचता येतं. त्या प्रत्येकाच्या आत कुणाची सही आहे, ते मी आज लिहिलं.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मग हेही अर्धवट तक्ता भरल्यासारखं होईल.

काही वर्षांपूर्वी हदगावला आशाताईंचं प्रशिक्षण होतं – खेड्यात घरोघर जाऊन नवजात बाळ कसं बघायचं याचं. शिकवायला मी. तीस बायका. हजेरी घेताना नाव आलं आणि मी मान वर केली. आडनाव बदललेलं होतं. केस पिकलेले. ती तिसऱ्या रांगेत बसली होती आणि माझ्याकडेच बघत होती – किती वेळ बघत होती कोण जाणे. माझं नाव तर फळ्यावर सकाळपासून लिहिलेलं. मी शिकवलं. ताप कसा बघायचा, श्वास पूर्ण मिनिटभर. ते एक वाक्य मात्र त्या दिवशी मी सांगितलं नाही.

संध्याकाळी प्रत्येकीला पिशवी दिली – वजनकाटा, घड्याळ, थर्मामीटर, दुपटं – आणि सहीचा कागद फिरला. सगळ्या भराभर सह्या करून उठत होत्या, गाड्यांची वेळ झालेली. कुसुम बसून राहिली. तिनं एकेक वस्तू बाहेर काढून सतरंजीवर मांडली. थर्मामीटरची डबी उघडली. आतला थर्मामीटर काढून स्वतःच्या काखेत लावला आणि तो वाजेपर्यंत थांबली. मागची एक बाई म्हणाली, "ए कुसुमताई, उरकव की वो! सोनं तोलून राहिली का?" सगळ्या हसल्या. कुसुमनं थर्मामीटर डोळ्यांपुढे धरून आकडा वाचला, "सत्त्याण्णव पॉइंट आठ. चालू हाय." मग सही केली. अक्षर अजून तसंच, वाकडं.

कागद द्यायला ती टेबलापाशी आली. खोलीत आम्ही दोघीच राहिलो होतो. मला वाटलं, आता. हीच वेळ. एक वाक्य तर होतं – दोनचा आकडा मी पाहिला नव्हता. पाच शब्द. माझं तोंड उघडलंही होतं.

तिनं विचारलं, "बरी हायस का?"

मी म्हटलं, "बरी आहे. तू?"

"हाव." तिनं कागद टेबलावर ठेवला. तिला काही ऐकायचं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. मग तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "नांदेडची गाडी साडेपाचची हाय. जा तू. चुकल."

मी पिशवी उचलली आणि गेले. गाडी मिळाली.